जीभ दाखवा पाहू!

रुग्णाची नाडी पाहता पाहता मी म्हणतो, "जीभ दाखवा पाहू!" पुष्कळांना हा नुसता रिवाज वाटतो. पण बिनखर्चाची एवढी चांगली तपासणी दुसरी नाही.

निरोगी जीभ गुलाबी, ओलसर व किंचित खरखरीत असते. तिच्यावर पातळ पांढरट थर असला तर घाबरू नये. तापात किंवा पाणी कमी प्यायल्याने तो वाढतो. जीभ फिकट दिसली तर रक्त कमी असण्याची शक्यता असते. तीच लाल, गुळगुळीत होऊन तिखट झोंबू लागले, तर लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा 'ब-१२' जीवनसत्त्व कमी पडत असावे. दूधदुभतेही न घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दह्याच्या कवडीसारखे, पुसले जाणारे पांढरे डाग म्हणजे बहुधा बुरशी. अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी. नकाशासारखे, जागा बदलणारे चट्टे मात्र सहसा निरुपद्रवी असतात.

आता एक अनुभव सांगतो. पासष्टीच्या एक आजीबाई गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. जीभ बाजूला करून पाहिली, तर कडेला व्रण! "दोन महिने झाले. दुखत नाही, म्हणून बोलले नाही. हळद लावते की," त्या म्हणाल्या. मिश्रीची सवय चाळीस वर्षांची. व्रणाचा तुकडा तपासला, तो कर्करोग निघाला. सुरुवातीचाच असल्याने शस्त्रक्रियेवर निभावले. आज त्या भाकरी खातात. पण त्याआधीही त्या एकदा येऊन गेल्या होत्या. दवाखान्यात गर्दी होती आणि त्या दिवशी मी जीभ पाहिली नव्हती. ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांवरच विसंबू नका. महिन्यातून एकदा सकाळी दात घासल्यावर, चहापूर्वी, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहा. स्वच्छ रुमालाने जिभेचे टोक धरून दोन्ही कडा व खालची बाजू पाहा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ यांपैकी काहीही आढळले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्री, गुटखा घेत असाल तर तो आजच सोडा. आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हाच त्याचा कावा आहे.