शर्यतीचा गाडा

रब्बीची रास घरात आली आणि चैत्राचे ऊन तापू लागले, की पुणे जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांना प्रारंभ होतो. भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका व दक्षिणेस दौंड तालुका. या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांना यात्रेतील एका खेळाचे फार जुने वेड आहे. तो खेळ म्हणजे बैलगाड्यांची शर्यत.

शर्यतीचा गाडा ओझ्याच्या गाडीहून अगदी वेगळा असतो. त्याला धान्याची पोती पेलायची नसतात, की उसाच्या मोळ्या वाहायच्या नसतात. वेगाने धावणे हेच त्याचे काम. म्हणून सुतार त्याचा प्रत्येक अनावश्यक भाग वगळतो. शिरूर, खेड, आंबेगाव व जुन्नर या भागांत अशा गाड्याला बैलांच्या दोन जोड्या एकीपुढे एक जुंपतात. धावण्याची वाट चढणीची असते. तिला ‘घाट’ म्हणतात. एका धावेला ‘बारी’ हे नाव आहे. गाड्यावर बहुधा कोणी बसत नाही.

निशाण पडते, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते आणि चारही बैल उसळतात. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेवरून गाडा धुरळा उडवीत वर जातो. डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच बारी संपलेली असते. येथे गाडे एकामागून एक सोडतात. त्यामुळे प्रत्येक गाड्याची स्पर्धा घड्याळाशी असते. सर्वांत कमी वेळात चढण चढणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो.

यंत्रांच्या शर्यतीतही वजनाला असेच महत्त्व आहे. 1906 साली फ्रान्समधील ले माँ गावाजवळ मोटारींची पहिली ‘ग्रां प्री’, म्हणजे मोठ्या बक्षिसाची शर्यत झाली. मोटारीचे वजन सुमारे 1000 किलोहून अधिक नसावे, असा तिचा नियम होता. रेनॉ कंपनीच्या मोटारीने ती शर्यत जिंकली. तथापि मोटार आणि गाडा यांत एक मोठा भेद आहे. मोटारीचा भाग बिघडला तर तो बदलता येतो. बैल दमला, त्याचा खूर दुखावला, तर त्याला ते बोलूनही दाखवता येत नाही.

याच मुक्या वेदनेचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. जिंकण्याच्या हव्यासाने काही जण बैलांना चाबकाने मारीत, टोचीत, विजेचा झटकाही देत. 2011 साली केंद्र शासनाने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. घाट ओस पडले. शर्यत नसेल तर खिल्लारसारख्या चपळ जातीचे बैल कोण पोसणार, अशी चिंता शेतकऱ्यांना वाटू लागली. मौजेसाठी मुक्या जिवाला राबवणेच अन्याय्य आहे, असे प्राणिमित्रांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात बैलाविषयीची कळकळ होती. मार्ग मात्र भिन्न होते.

2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेणे आणि बैलांची पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक झाले. काठी, चाबूक, टोचणी व विजेचा झटका यांना मनाई झाली.

नियम कागदावर लिहिलेले असतात. ते पाळणारा हात मात्र गाडामालकाचा असतो. बारी संपल्यावर बैलांच्या घामेजलेल्या पाठीवर जो हात प्रथम मायेने फिरतो आणि मगच बक्षिसाकडे वळतो, तोच हात खरा जाणता. पोळ्याच्या दिवशी ज्याच्यापुढे आपण पुरणपोळी ठेवतो, त्याला यात्रेच्या दिवशी विसरणे शोभत नाही. गाडा किती सेकंदांत वर गेला, हे घड्याळ सांगते. बैलांना कसे वागवले, हे घड्याळ सांगत नाही; ते ज्याचे त्याने स्वतःला विचारायचे असते.

स्वाध्याय

1. शर्यतीचा गाडा आणि ओझ्याची गाडी यांतील फरक सांगा.
2. बंदीविषयी शेतकऱ्यांचे व प्राणिमित्रांचे म्हणणे काय होते? तुम्हांस कोणते पटते? सकारण लिहा.
3. ‘घाट’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ शोधून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.