फटफटीवर मागे बसताना

न्हावऱ्याहून काष्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला आपलं इनामगाव लागतं. सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला जरा उभे राहा आणि जाणाऱ्या मोटरसायकली पाहा. एकट्या माणसाची गाडी थोडी. बहुतेक गाड्यांवर मागे कोणीतरी आहेच. कोणी शिरूरला कॉलेजला निघालेली मुलगी, कोणी दवाखान्याला निघालेल्या आजीबाई, कोणी बाजाराला निघालेलं जोडपं आणि मधे दाबून बसवलेलं पोर.

गाडी चालवणाऱ्याला गाडी शिकावी लागते. लायसन काढावं लागतं. मागे बसणाऱ्याला मात्र कोणी काही शिकवत नाही. "बस मागं" म्हटलं की बसायचं. आम्हांला वाटतं, मागे बसणं हेही शिकून घेण्याचं काम आहे.

अशा बसण्याला आपण डबलसीट म्हणतो. हा शब्द सायकलीच्या काळापासून चालत आला. शहरात सायकलवर डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचा. पुढे फटफटी आली. १९७२ साली पुण्याची लूना आली. आता तर आपल्याच जिल्ह्यात, चाकणला, मोटरसायकलींचा कारखाना आहे. गाडी दारात आली, पण बसण्याची रीत सायकलीचीच राहिली.

सायकल आणि मोटरसायकल यांत फरक आहे तो वेगाचा. घोड नदीच्या काठी, आपल्या गावाजवळ, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं, हे तुम्ही ऐकलं असेल. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची वस्ती तिथं सापडली. घरं सापडली, चुली सापडल्या, पुरलेल्या माणसांचे सांगाडेही सापडले. त्या माणसांचं जग बैलाच्या चालीनं चालत होतं. बैलाच्या पाठीमागून चालणारा पडला, तर कपडे झटकून उठत असेल. आपण त्यांच्याहून कितीतरी पट वेगानं जातो. डोक्याचं हाड मात्र त्यांच्याहून जाड झालेलं नाही.

थोडा हिशेब करू. गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली आहे. हा काही फार वेग नव्हे. या वेगात डोकं दगडावर आपटलं, तर तो मार केवढा? वीस फूट खोल कोरड्या विहिरीत डोक्यावर पडल्याएवढा. विहिरीच्या काठावर आपण किती जपून उभे राहतो! गाडीवर बसताना ती विहीर दिसत नाही, एवढंच.

हा मार पुढच्याला आणि मागच्याला सारखाच लागतो. तरी हेल्मेट बहुधा पुढच्याच्या डोक्यावर असतं. तेही पोलिसाच्या भीतीनं. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे. त्या एका वर्षात आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक दुचाकीच्या अपघातात दगावले. त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती, ब्रेकही नव्हता. डोकं झाकणं तेवढं त्यांच्या हातात होतं.

कायदा तर दोघांनाही हेल्मेट घाला म्हणतो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागू आहे. पागोटं, फेटा, टोपी चालत नाही. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांनी मागच्या माणसाच्या हेल्मेटची कारवाई वेगळी मोजायला सुरुवात केली. तेव्हा पुष्कळ लोक रागावले. दंडाचा राग येणारच. पण दंड भरून माणूस घरी येतो, हेही खरं. हेल्मेट घेताना त्यावर आयएसआयचा शिक्का वाचून घ्या. आता तुम्हांला वाचता येतं. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी उडून जातं.

आता बायाबापड्यांच्या बसण्याकडे येऊ. या गोष्टीला आम्ही जास्त वेळ देणार आहोत.

बाई बहुधा एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसते. तिचं सगळं वजन एका बाजूला जातं. गाडी एकदम सुटली किंवा खड्ड्यात आदळली, की तोल मागे जातो. पायानं गाडीला धरून ठेवायची सोय नसते. पदर आणि ओढणी तर चाकाच्या अगदी शेजारी लोंबत असते. ताशी ४० किलोमीटर वेगात मागचं चाक एका सेकंदात जवळजवळ सहा वेळा फिरतं. बाईनं "अहो!" म्हणेपर्यंत पदर आत ओढला गेलेला असतो. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून गाडीवर बसण्याआधी पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचा. शेतात खुरपायला जाताना खोचता ना, तसाच. ओढणीची दोन्ही टोकं कमरेशी बांधा किंवा सरळ पिशवीत ठेवा. चारचौघांत बरं दिसत नाही, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

सरकारनंही याचा विचार केलेला आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिलं आहे, की कारखान्यानं प्रत्येक मोटरसायकलला तीन गोष्टी लावून द्यायच्या. मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला पायदान, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही अशी जाळी. या जाळीला आपण साडीगार्ड म्हणतो. नवी गाडी आली की घरातली तरुण पोरं पहिल्यांदा काय करतात? साडीगार्ड काढून टाकतात. गाडी मग ऐटबाज दिसते म्हणे. साडीगार्ड पडतं गोठ्यामागच्या भंगारात, आणि त्याच गाडीवर आई दवाखान्याला जाते. आज घरी गेल्यावर आपली गाडी पाहा. जाळी नसेल तर मुलाला ती परत बसवायला सांगा.

खरं म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसणं सगळ्यांत चांगलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातलेल्या आपल्या पणज्यांना टांग टाकून बसणं अवघड नव्हतं. गोल साडी आली आणि पाय एका अंगाला आले. सलवार घालणाऱ्या मुलींना तर काहीच अडचण नाही. साडीतच जायचं असेल आणि एका अंगालाच बसावं लागत असेल, तर दोन्ही पाय पायदानावर टेकवा, एका हातानं मूठ धरा आणि दुसरा हात चालवणाऱ्याच्या कमरेला घाला. हातात पिशवी, मांडीवर डबा, काखेत पोर, अशी बसू नका.

चढण्याउतरण्याची रीत सोपी आहे. गाडी उभी राहू द्या. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले पाहा. "बसतेय हं" असं सांगा आणि डाव्या अंगानं चढा. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या अंगाला असतो, आणि तो तापलेला असतो. उजवीकडून उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटरीला त्याचा चटका बसतो.

वळणावर गाडी कलते. नवखा माणूस घाबरून उलट्या बाजूला झुकतो. तसं करू नका. त्यानं गाडी वळत नाही, सरळ बाहेर जाऊ पाहते. चालवणाऱ्याच्या खांद्यामागे आपला खांदा ठेवा आणि तो झुकेल तसे झुका. गाडीवर बांधलेलं पोतं हलत नाही, माणूस हलतो. म्हणून मागच्याचंही गाडी चालवण्यात अंग असतं. डबलसीट असताना गाडी उशिरा थांबते, हेही ध्यानात असू द्या. मागच्या चाकात हवासुद्धा जास्त लागते. पुष्कळ गाड्यांवर एक लहान चिठ्ठी चिकटवलेली असते. एकट्यासाठी हवा किती आणि दोघांसाठी किती, ते आकडे तिच्यावर असतात.

मुलांचं काय? एका गाडीवर चालवणारा आणि मागे एक, एवढ्यालाच कायद्याची परवानगी आहे. पोर लहान असलं तरी मोजणीत ते एक माणूसच. आईबाप आणि मूल म्हणजे ट्रिपलसीट झालं. हे सांगताना आम्हांला अवघड वाटतं. एसटी वेळेवर मिळत नाही, घरात गाडी एकच, मग गरिबानं करावं काय, असं तुम्ही विचाराल, आणि त्याचं पुरं उत्तर आमच्याकडे नाही. पण पोराला पुढे टाकीवर बसवणं तरी सोडा. ब्रेक लागला की ते हँडलवर आदळतं आणि वरून बापाचं वजन येतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. मुलाला पट्ट्यानं चालवणाऱ्याशी बांधायचं, नऊ महिन्यांच्या वरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं, आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही.

मागच्याला डोळे आहेत, तोंडही आहे. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो. कितीकांना मागे लाल दिवा नसतो. अशा वेळी दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे. पुढच्याला गप्पांत गुंतवू नका. त्याच्या कानाला फोन लावून धरू नका. आणि वेग वाढला तर बोला.

"अहो, जरा हळू घ्या."

"तू गप बस. मला शिकवू नको."

"शिकवत नाही. थांबवा गाडी, मी उतरते. येते मागून एसटीनं."

असं बोलणं सगळ्या बायांना जमत नाही, हे आम्ही जाणतो. पण चालवणाऱ्यानं दारू घेतली असेल, तर त्याच्यामागे न बसण्याचा हक्क बायकोला आहे, मुलाला आहे, पाहुण्यालाही आहे.

गाडीच्या कागदांत विम्याचा कागद असतो. तो कोणी वाचत नाही. विमा दोन तऱ्हेचा असतो. एक नुसता 'थर्ड पार्टी'. कायद्यानं निदान तेवढा लागतोच. दुसरा 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं स्कूटरच्या एका खटल्यात सांगितलं, की नुसत्या कायद्यापुरत्या विम्यात मागे बसलेल्याची जोखीम धरलेली नाही. पॅकेज विम्यात ती धरलेली असते. चूक समोरच्या गाडीची असेल, तर त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण आपलीच गाडी घसरली, तर मागे बसलेल्या आईच्या भरपाईसाठी कोणता विमा उतरवला होता, ते पाहिलं जातं. विम्याचे पैसे भरताना हा एक प्रश्न एजंटाला जरूर विचारा.

आणि अपघात झालाच तर? गावाकडे जखमी माणसाला दुसऱ्या मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेतात. हेतू चांगला, पण मान किंवा पाठीचा कणा दुखावला असेल तर त्या धक्क्यांनी माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. त्याला आहे तिथंच आडवा राहू द्या. हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा. १०८ ला फोन लावा आणि गावाचं नाव, रस्ता, जवळची खूण सांगा. रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ लोक मदत करायला कचरतात. २०१९ साली कायद्यात बदल झाला. मदत करणाऱ्याला त्याची इच्छा नसेल तर नावसुद्धा सांगावं लागत नाही.