पिल्लू पाण्यापाशी बसतं, पण पीत नाही

प्रश्न : आमचं चार महिन्यांचं मांजराचं पिल्लू कालपासून खात नाही. दोनदा पिवळी उलटी झाली. पाण्याच्या वाटीपाशी बसतं, पण पीत नाही. अंग गरम लागतं. घरातली तापाची गोळी थोडी दिली तर चालेल का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : गोळी मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची असू शकतात. लस न झालेलं पिल्लू या विषाणूनं एक-दोन दिवसांतही दगावतं. ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं आणि आजारी पिल्लाचं अंग गार पडणं तापापेक्षाही वाईट. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा ते तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर तासभरही थांबू नका. बळजबरीनं दूध-पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आजच परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे. सलाइन आणि औषधं वेळेत मिळाली तर अशी पिल्लं वाचू शकतात. घरात दुसरं मांजर असेल तर ते वेगळं ठेवा. हा विषाणू फरशीवर वर्षभरही टिकतो, त्यामुळे यापुढे लस झाल्याशिवाय नवं पिल्लू घरात आणू नका.