येऊ घातलेले सॅम्पलर आणि आपली ढोलकी

यंत्र आणि संगीत हे दोन शब्द एकत्र आले, की ‘यंत्र कलावंताची जागा घेईल काय?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. वक्तृत्व स्पर्धेत या विषयाच्या दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. प्रस्तुत लेखात मी त्याहून लहान पण अधिक उपयोगी प्रश्न घेतला आहे. नवे सॅम्पलर बाजारात येणार अशी वार्ता आली, तर ते घेऊ पाहणाऱ्याने त्यात नेमके काय पाहावे?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील शेतमजुरी करतात, आणि लग्नसराईत व गणपतीत गावच्या बेंजो पार्टीत ढोलकी वाजवतात. काही वर्षांपूर्वी पार्टीने इलेक्ट्रॉनिक पॅड घेतला. तेव्हापासून लहान सुपारी असली की वडिलांना बोलावणे येत नाही, कारण पॅडमध्ये ‘ढोलकी’ आहेच. आता पार्टीतील पोरे सुपारीच्या पैशातून थोडे थोडे बाजूला टाकून नव्या सॅम्पलरची वाट पाहत आहेत. ‘तू शिकतोस, तूच सांग कोणते घ्यायचे ते,’ असे ते मला म्हणाले, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

सॅम्पलर म्हणजे काय?

कीबोर्ड किंवा साधा पॅड आपल्याकडे येतो तो आवाज पोटात घेऊनच. सॅम्पलरचा मूळ धर्म निराळा आहे. त्यात आवाज आपण भरायचा असतो. ढोलकीची एक थाप, रहाटाची कुरकुर, जुन्या तबकडीवरील दोन क्षणांचा तुकडा, काहीही चालते. यंत्र तो आवाज अंकांच्या रूपाने साठवते आणि रबरी पॅडवर बोट पडताच परत देते. ‘स्वयंपूर्ण’ सॅम्पलर म्हणजे ज्याला संगणकाची जोड लागत नाही असे. आवाज भरणे, कापणे, वाजवणे, गाणे जुळवणे हे सारे एकाच पेटीत होते.

थोडा इतिहास

१९८० साली रॉजर लिन या अमेरिकन गिटारवादकाने एलएम-१ हे तालयंत्र काढले. खऱ्या ड्रमचे अंकरूप मुद्रण वाजवणारे ते पहिले तालयंत्र. मात्र त्यातील आवाज कारखान्यातूनच भरून येत. १९८६ मध्ये लिन यांची कंपनी बंद पडली. पुढे जपानच्या अकाई कंपनीसाठी त्यांनी एमपीसी-६० रचले व ते १९८८ मध्ये बाजारात आले. चार ओळींत चार असे सोळा पॅड, आवाज साठवायला फ्लॉपी, आणि स्मृती किती? मूळ यंत्रात सुमारे तेरा सेकंदांची! त्याआधीच्या, १९८७ च्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० मध्ये तर सुमारे दहाच सेकंद मावत.

या कंजूषपणातून एक कलाच निघाली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील तरुणांजवळ वाद्यवृंद नव्हता, जुन्या तबकड्या होत्या. स्मृती वाचवण्यासाठी ते ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून मुद्रित करीत आणि यंत्रात तो आवाज पुन्हा खाली उतरवीत. त्याने आवाज जरा खरखरीत, जाडाभरडा होई. पुढे तीच खरखर हिपहॉप संगीताची ओळख ठरली. डेट्रॉइटचा जे डिला हा २००६ मध्ये वारलेला संगीतकार एमपीसी-३००० वर काम करी. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. तंतोतंत चालणाऱ्या यंत्राकडून त्याने मुद्दाम मागेपुढे झुलणारी लय काढून घेतली, हे त्याचे मोठेपण.

२०१२ च्या सुमारास ही यंत्रे संगणकाची शेपटी बनू लागली होती. २०१७ मध्ये एमपीसी लाइव्ह आणि स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचे डिजिटॅक्ट आले आणि स्वयंपूर्ण सॅम्पलरला पुन्हा दिवस आले. २०२० मध्ये एमपीसी वन, २०२१ मध्ये रोलँडचे एसपी-४०४ मार्क टू, २०२३ मध्ये ईपी-१३३, २०२४ मध्ये डिजिटॅक्ट टू अशी रांग लागली. प्रत्येकापूर्वी अफवा, मग चित्रे, मग आकड्यांची यादी. स्मृती किती, आवाज किती, पडदा केवढा? आमच्या पोरांचे वादही याच यादीवर चालतात.

यादी नव्हे, रीत

माझे म्हणणे असे, की यादी शेवटी वाचावी. स्मृतीचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. उत्तम प्रतीच्या दुपदरी मुद्रणाच्या एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट लागतात. एमपीसी लाइव्हमध्ये २०१७ सालीच दोन गिगाबाइट स्मृती होती. तेरा सेकंदांत लोकांनी अजरामर काम केले, मग एवढ्या जागेत आपले अडते ते कशाने? अडते ते कामाच्या रीतीने. म्हणून मी चार कसोट्या काढल्या आहेत.

पहिली कसोटी : कानापासून बोटापर्यंत किती पावले? आवाज ऐकला, मुद्रित केला, मागचा-पुढचा भाग छाटला, पॅडवर बसवला. ही चार पावले चार कळांत व्हावीत. प्रत्येक पावलाला पडद्यावरील तीन पाने उलटावी लागली, तर वादक कंटाळून तयार आवाजांकडे वळेल. आणि मग ते यंत्र सॅम्पलर असूनही जुन्या पॅडसारखेच वापरले जाईल.

दुसरी कसोटी : एका पॅडखाली आवाजाचे थर मांडता येतात काय? ढोलकीसाठी हे फार महत्त्वाचे. डाव्या हाताचा घुमारा दर वेळी सारखा नसतो; मनगटाच्या दाबाने तो चढतो, उतरतो. एकच थाप मुद्रित करून शंभरदा वाजवली की ती पत्र्यासारखी वाटते. हलकी, मध्यम, जोराची अशा थापा वेगवेगळ्या भरता आल्या आणि बोटाच्या जोराप्रमाणे यंत्राने त्यांतून निवड केली, तर जिवंतपणा बराच टिकतो.

तिसरी कसोटी : लय. बोट जरा मागेपुढे पडले, तर यंत्र ते जवळच्या मात्राभागावर ओढून बसवते. ही सोय उपकारक खरी, पण तिचा हात सैल करता आला पाहिजे. लिन यांनी यासाठी ‘स्विंग’ दिला. जोडीतील दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायचा. ५० टक्क्यांना दोन्ही ठोके समान अंतरावर. ६६ च्या आसपास तिस्र अंगाचा झोल येतो. आपल्याकडे केरवा वाजवताना चांगला ढोलकीवाला हेच करतो, फक्त टक्केवारी सांगत नाही. ठेका चालू असताना तो न थांबवता वर दुसरा आवाज भरता यावा, हेही याच कसोटीत धरावे.

चौथी कसोटी : यंत्र कोठे चालते? मिरवणुकीत भिंतीतला प्लग नसतो. एमपीसी लाइव्हच्या पोटात बॅटरी आहे. एमपीसी वनमध्ये नाही. ईपी-१३३ चार लहान सेलवर चालते. गावच्या पार्टीला हा फरक आकड्यांच्या साऱ्या यादीहून मोठा आहे.

ज्याची थाप, त्याचे नाव

आता मूळ मुद्दा. जेम्स ब्राउन यांच्या ताफ्यात क्लाइड स्टबलफील्ड नावाचा ड्रमवादक होता. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात त्याने थोडा वेळ एकट्याने ठेका धरला. सॅम्पलर आल्यावर तो तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला. मुद्रणाचे हक्क स्टबलफील्डकडे नव्हते, त्यामुळे त्या वापराच्या मानधनात त्याला वाटा मिळाला नाही. २०१७ मध्ये तो वारला. त्याचा ठेका जगाने ऐकला, पण नाव फार थोड्यांनी.

म्हणजे सॅम्पलर हे दुधारी शस्त्र आहे. ते गरिबाच्या हाती वाद्यवृंद देते, आणि दुसऱ्या गरिबाची थाप बिननावाची करते. आपल्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वादकाचा हक्क मान्य झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने वादक म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही आला. पण बेंजो पार्टीत कायद्याचे पुस्तक कोण उघडतो? तेथे रिवाजच घालावा लागेल.

म्हणून मी पोरांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी, की यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर बसून राहू नका. शांत खोलीत, साध्या फोनवर का होईना, गावातील वादकांच्या थापा एकेक करून मुद्रित करा. हलकी, मध्यम, जोराची. प्रत्येक तुकड्याला वादकाचे नाव द्या आणि वहीत तारीख लिहा. यंत्र कोणतेही आले तरी हा साठा त्यात जाईल. दुसरी गोष्ट पैशाची. ज्याची थाप यंत्रातून वाजेल, त्याला त्या सुपारीत ठरलेला वाटा मिळावा, मग तो स्वतः हजर असो वा नसो.

पहिली गोष्ट सर्वांनी मान्य केली. दुसरीवर अजून वाद चालू आहे. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, ‘वाटा द्या न द्या, पण भरताना ढोलकी नीट चढवलेली असू दे. उतरलेल्या ढोलकीला माझं नाव नको.’ सॅम्पलरवरील माहितीची जेवढी पाने मी वाचली, त्यांत एवढी नेमकी सूचना मला कोठे आढळली नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी तीच लिहून ठेवली आहे.