डोक्याला मार लागल्यानंतरचे तास

भिवंडीत दवाखाना चालवताना डोक्याला मार लागलेली माणसं सतत समोर येतात. कुणाला मागावरून उडालेला धोटा लागलेला, कुणी गोदामात थप्पीवरून पडलेला, आणि बरेचसे नाशिक हायवेवर दुचाकीवरून घसरलेले. त्यांच्यामुळेच मी मेंदूच्या पेशींवरचं संशोधन वाचू लागलो. त्यातून मनाशी पक्कं झालं ते असं.

१. मार क्षणात लागतो, पण मेंदूचं नुकसान पुढे कित्येक तास होत राहतं. धडकेत जागीच मेलेल्या पेशींचं काही करता येत नाही. पण इजा झालेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन भरमसाट बाहेर पडतं, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशींत कॅल्शियम शिरतं, त्यांना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया निकामी होतात, पेशी फुगतात. कवटी काही ताणली जात नाही. आतला दाब वाढतो, रक्त कमी पोचतं आणि आणखी पेशी मरतात. लांब चेतातंतू धडकेतच तुटतात, असा समज होता. १९८०च्या दशकात अमेरिकेत जॉन पोव्हलिशॉक यांनी दाखवलं की पुष्कळसे तंतू आधी सुजतात आणि काही तासांनी तुटतात. हे वाचून मला फार धीर आला. आपल्या हाती वेळ असतो!

२. त्या वेळात प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळणं सगळ्यात मोलाचं. १९९३च्या एका अमेरिकी अभ्यासात, ७१७ गंभीर रुग्णांपैकी ज्यांचा वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला, त्यांच्यात मृत्यू दुपटीहून जास्त झाले. म्हणून जखमीला टेम्पोत घालून ठाण्याकडे पळवू नका. वाटेत प्राणवायू देता येईल अशा रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा.

३. ‘सूज उतरायचं इंजेक्शन द्या,’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. यासाठी स्टेरॉईड मी देत नाही. एके काळी ते जगभर देत. २००४ साली ‘क्रॅश’ चाचणीत १०,००८ रुग्ण होते. स्टेरॉईड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के.

४. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने मार लागलेल्या उंदरांचा मेंदू वाचत होता. माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१४ साली, त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. मला वाटतं, प्रयोगशाळेत प्रत्येक उंदराला मोजून सारखाच मार देतात, तिथेच फरक पडतो. धोट्याचा मार आणि ट्रकची धडक यांत पेशींची हानी एकसारखी कशी असेल?

५. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून गुंगीला नशा समजू नका. नीट बोलणारा माणूसही कवटीखाली रक्त साचलं की तासाभरात बेशुद्ध होऊ शकतो.

६. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड स्वस्त आहे. २०१९च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत सौम्य आणि मध्यम मार लागलेल्यांना ते तीन तासांच्या आत दिल्यावर मृत्यू कमी झाले. जितकं लवकर, तितका फायदा जास्त. त्यामुळे पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिताना मी नावाच्याही आधी अपघाताची वेळ लिहितो, आणि सोबत आलेल्यांना ती तोंडपाठ करायला लावतो.