आधी पाणी, मग बाटली

खामगावात आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, मेंदी, साबण, क्रीम, शाम्पूच्या पुड्या असं सगळं. सासऱ्यांनी थाटलं, आता गल्ल्यावर मी बसते. गिऱ्हाईक निम्मं शहरातलं, निम्मं घाटाखालच्या खेड्यांतलं. लग्नसराईत घाटावरून, चिखली-मेहकरकडूनही माणसं येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: नवीन काय आलं? नवीन वस्तू घ्यायची तर विचारायला हवेत ते प्रश्न वेगळेच आहेत, हे मला गिऱ्हाइकांच्याच तक्रारींनी शिकवलं. विकणारीनं हे लिहावं का, असं आमच्या घरात एकाला वाटतं. मला वाटतं, विकणारीनंच लिहावं.

१. साबणाआधी पाणी बघा

"काहून वो काकू, तुमच्या साबनाले आमच्या घरी फेसच नाई येत!"

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडून ही तक्रार आली की साबण बदलून देण्यात काही अर्थ नसतो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरला लागतं ते पाणी क्षारांनी भरलेलं. असल्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळतं आणि फेसाऐवजी पांढरा चिकट साका धरतो. बादलीच्या काठाला तो दिसतो, अंगावर दिसत नाही एवढंच. मग आंघोळ झाल्यावर कातडी ओढल्यासारखी होते, नडगीवर नखानं रेघ मारली तर पांढरी उमटते. बाईला वाटतं साबण बोगस. ती दुसरा नेते, जास्त वासाचा आणि जास्त पैशांचा. तोही तसाच निघतो.

अशा पाण्यात सिंडेट, म्हणजे साबणाऐवजी वेगळ्या फेसकांपासून केलेली वडी, बरी पडते. तिचा असा साका होत नाही. ती महाग असते हे खरं. म्हणून मी सांगते, घरात एकच आणा, ती तोंडाला आणि लहान लेकरांना ठेवा. बाकीच्यांनी साधा साबण काखा, जांघा, पाय, जिथं घाम आणि माती असते तिथंच लावला तरी चालतं. पायापासून मानेपर्यंत रोज फेस हवाच, हे जाहिरातींनी आपल्या डोक्यात घातलंय. जमलं तर शेवटचा तांब्या जारच्या गोड्या पाण्याचा, निदान तोंडावर.

इथं लोणारची गोष्ट सांगायलाच हवी. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास आहे. तिथं काच अन् साबण करायचा माल मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. आपल्या साध्या साबणाचा सामूही नऊ-दहाच असतो. कातडीचा मात्र साडेपाचच्या जवळपास. लोणारच्या पाण्यानं रोज तोंड धुवा म्हटलं तर कुणी धुणार नाही. पण मुरमं आली म्हणून दिवसातून चारदा साबणानं तोंड घासणारी कॉलेजची मुलं माझ्या दुकानात रोज येतात.

२. पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला गुलाब असतो, नटी असते. कामाचं सगळं मागं, मुंगीएवढ्या अक्षरात. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ असं लिहिलेलं शोधा. साबणात खरी चरबी किती, ते त्यावरून कळतं. भारतीय मानकांप्रमाणे ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा टॉयलेट सोप, ७० च्या वर दुसऱ्या, ६० च्या वर तिसऱ्या. आणि ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर ४० टक्क्यांवरही भागतं. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन वड्या शेजारी ठेवून मी गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. बहुतेकांना हा आकडा तिथं असतो हेच माहीत नसतं.

क्रीमच्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघायची. यातलं एकही नसेल तर ती डबी कितीही सुंदर असो, खाली ठेवायची. घटकांची यादी उतरत्या क्रमानं छापतात, जे जास्त ते आधी. कोरफडीचं चित्र पुढं अन् कोरफड यादीच्या शेपटाला, वासाच्याही खाली, असं असेल तर तुम्ही चित्राचे पैसे देताय.

३. एका वेळी एकच नवी वस्तू

लग्न पंधरा दिवसांवर आलं की नवरी आणि तिची बहीण येतात आणि फेसवॉश, स्क्रब, सीरम, रात्रीचं क्रीम, बॉडी लोशन, सगळं एकदम नेतात. चार दिवसांनी गालावर पुरळ. कशानं आलं? कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. एकच वस्तू आणली असती तर लगेच सापडलं असतं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. खाज नाही, लाली नाही, मगच तोंडाला. शाम्पूला आणि लोशनला पुडी आहेच की! कडलूरच्या चिन्नीकृष्णनना त्या पुडीचा जनक मानतात. गरिबाला परवडावं म्हणून ती निघाली. मला विचाराल तर तिचा खरा उपयोग पारखून बघायला आहे. दोनशेची बाटली नेऊन पस्तावण्यापेक्षा चार पुड्या न्या. माझा गल्ला थोडा हलका होईल, होऊ द्या.

आणि लग्न पंधरा दिवसांवर असेल तर काहीच नवीन आणू नका. डाग, काळेपणा यांच्यावर कुठलीही चांगली वस्तू महिना-दीड महिन्याच्या आत रंग दाखवत नाही.

४. आठ दिवसांत गोरं करते ती डबी दुकानात नको, घरात तर नकोच

हे मी सगळ्यात जोरात सांगते, कारण घटना आमच्या शेजारची आहे. अकोला इथून तासाभराच्या रस्त्यावर. तिथल्या एका घरात आई आणि दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. २०२३ च्या सुरुवातीला ती बातमी वर्तमानपत्रांत आली. तिघी ब्युटीशियनकडून घेतलेलं एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा माग लागला: क्रीममध्ये पारा होता. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण डॉक्टरांना सापडले.

पारा कातडीचा काळा रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून गुण लवकर येतो. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. पायावर सूज, लघवीला फेस, इथं ते कळतं; तोवर आरशात सगळं छान चाललेलं असतं. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे; नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त नाही. नियम आहे, पण बिनलेबलची डबी नियम वाचत नाही. ती पार्लरमधून, मोबाइलवरून, कुणाच्या तरी वहिनीच्या पिशवीतून येते. "फॉरेनची आहे" म्हणून सांगतात.

लोक मागतात. "काकू, याच्यानं गोरं होते का?" मुलीला बघायला येणार असतील तर आईच विचारते, पोरगी शेजारी मान खाली घालून उभी. मी नाही म्हणते. त्या दुसऱ्या दुकानात जातात, हेही मला दिसतं.

५. गजकर्णावर मैत्रिणीची ट्यूब लावू नका

पावसाळा लागला की जांघेत, कमरेला, परकराच्या नाडीखाली गोल चकंदळं येतात. कुणीतरी सांगतं, अमकी ट्यूब लाव. दोन दिवसांत खाज गायब! त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं; ते खाज दाबतं, बुरशी आतून पसरतच राहते. ट्यूब सोडली की दुप्पट. तीच ट्यूब बाया गोरेपणासाठी तोंडाला लावतात, मग गाल लाल, कातडी पातळ, बाईला हनुवटीवर लव. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरीही लोक कटलरीच्या दुकानात येऊन ट्यूबचा रंग सांगतात.

६. दोष बाटलीचाच असेल असं नाही

२०२४ चं वर्ष सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांत माणसांचे केस भराभर गळायला लागले. हात फिरवला की पुंजका हातात, काही दिवसांत टक्कल. बाया, बाप्ये, पोरं, कुणी सुटलं नाही. २०२५ च्या जानेवारीत देशभर बातमी गेली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन नमुने घेऊन गेलं. त्या दिवसांत आमच्या दुकानात लोक शाम्पूच्या पुड्या हातात धरून यायचे: हाच वापरला होता, याच्यातच काही आहे का? संशय आधी पाण्यावर होता, बुरशीवर होता. मग विंचूदंशाच्या कामासाठी नाव असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. परराज्यातून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम फार जास्त आणि रोग्यांच्या रक्तात, केसांतही ते वाढलेलं, असं त्यांनी मांडलं. काहींची पुढं नखंही गळाली. जे ताटातून आलं असेल ते शाम्पू बदलून कसं जाणार? आणि "केस परत आणणारं तेल" म्हणून त्या महिन्यांत जे खपलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. बऱ्याच जणांना केस आपोआप परत यायला लागले, श्रेय तेलानं घेतलं.

गव्हावरून आठवलं. गाजर गवतही परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा दिसलं आणि आता आमच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्याची ॲलर्जी पापण्यांवर, मानेवर, गालावर उठते, नेमकी क्रीम लावायच्या जागी. शेतातून आल्यावर, निंदण झाल्यावर वाढते आणि माहेरी शहरात गेलं की कमी होते, असं असेल तर क्रीमला शिव्या देऊ नका.

तिसरी वस्तू टिकली. कपाळाच्या मधोमध पांढरा गोल डाग पडला की घरात कोड म्हणून रडारड सुरू होते. कधी कधी तो टिकलीच्या डिंकातल्या रसायनामुळे पडतो. मी टिकल्या विकते, तरी सांगते: तिथं खाज सुटली की त्याच दिवशी टिकली बंद, थोडे दिवस साधं कुंकू.

७. उन्हाला आधी शर्ट, मग क्रीम

कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या आमच्याकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात. शहरातल्या पोरी हसतात. पण घामानं वाहून न जाणारी दुसरी कुठली वस्तू माझ्या दुकानात नाही. सनस्क्रीन घ्यायचंच तर एसपीएफ ३० किंवा वर. तोंड आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढावी एवढं, आणि उन्हात असलात तर दर दोन तासांनी परत. वाटाण्याएवढं लावून दिवसभर शेतात राहणाऱ्यांचे पैसे वाया जातात. गालावर वांग असेल त्यांनी मात्र सनस्क्रीन टाळू नये. त्याच्याशिवाय वांगावरचं दुसरं कुठलंही क्रीम टिकत नाही.

८. भेगांना स्वस्तातलंच पुरतं

रात्री पाय कोमट पाण्यात, पुसून ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली, वर सुती मोजे. बस. फारच जाड झाल्या असतील तर युरिया असलेलं क्रीम. अंगालाही तसंच: तेल असो की लोशन, ओल असतानाच. साखरेचा आजार असेल तर भेगेशी घरी खेळायचं नाही.

९. काळी मेंदी म्हणजे मेंदी नव्हे

मेंदी लाल-तपकिरीच रंगते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या मेंदीत आणि बऱ्याच केसांच्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. कानामागं थेंब लावून दोन दिवस थांबा, मग डोक्याला. एकदा पुरळ उठलं असेल तर "या वेळी थोडंच लावते" असं म्हणून पुन्हा लावू नका, दुसऱ्या वेळी डोळे मिटेपर्यंत तोंड सुजू शकतं.

१०. डॉक्टरकडे पिशवी घेऊन जा

कातडीच्या डॉक्टरांकडे जाताना, बुलढाण्याचा सरकारी दवाखाना असो की अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, घरात गेल्या दोन-तीन महिन्यांत जे जे लावलं ते सगळं पिशवीत भरा. रिकामी ट्यूबही. पार्लरवालीनं दिलेली बिननावाची डबीही, ती तर आधी. उटणं, घरचं तेल, नवी टिकली, मुलाच्या गजकर्णाची ट्यूब सासूनं लावली असेल तर तीही. "काही नाही, साधंच क्रीम लावते" या उत्तरावर डॉक्टर काय करणार? आणि ती बिननावाची डबी पारा निघेल म्हणून फेकून देऊ नका. तपासणीला लागू शकते. झाकण घट्ट लावून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.