पाळणाघरात औषध देताना

पाळणाघरातल्या मुलाला एकच औषध दोन ठिकाणी मिळतं: सकाळी घरी आणि दुपारी मावशींकडून. गफलत होते ती या दोहोंच्या मधे, म्हणून औषध देण्याचं काम सकाळी दारातच सुरू करा. मूल ताब्यात घेताना विचारा, "शेवटचा डोस किती वाजता दिलात?" उत्तर वहीत लिहून सही घ्या. ऑफिसच्या घाईतल्या पालकांना थांबवायला संकोच वाटतो, तरी थांबवा. सात वाजता पॅरासिटामॉल पाजून मूल आणलं आणि नऊला अंग गरम लागलं म्हणून तुम्ही पुन्हा दिलंत, तर दोन डोसांत किमान चार तास हवेत हा नियम तिथेच मोडला. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, आणि त्यात घरचेही मोजायचे. सर्दीच्या काही सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन बाटल्या आल्या तर दोन्हींवरचे घटक वाचा. जादा पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं आणि ती पहिल्या दिवशी सहसा दिसत नाही.

औषध मूळ बाटलीतच घ्या, डब्यात किंवा दुसऱ्या बाटलीत ओतलेलं नको. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तिच्यावर मुलाचं नाव, वजन, मिलीलिटरमध्ये मात्रा, वेळ आणि किती दिवस द्यायचं, एवढं असावं. "लागलं तर एक चमचा द्या" हे स्वीकारू नका. किती ताप आला तर द्यायचं ते लिहून घ्या, आणि देण्याआधी थर्मामीटर लावून पालकांना फोन करा. नव्या औषधाचा पहिला डोस घरीच व्हावा. पालकांनी सांगितलं तरी झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला औषध मधातून तर कधीच देऊ नका.

खोकल्याच्या सिरपबद्दल जास्त कडक राहा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात अशा सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं आणि लहान मुलं दगावली. त्यातली काही नागपूरला उपचार घेत होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट कळवलं: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. घरात शिल्लक राहिलेली बाटली कोणी आणली, तर परत पाठवा.

आता मात्रा. "एक चमचा" हे माप नव्हे, आणि बाटलीवरचा आकडा न वाचता मिलीलिटरही फसवतात. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅम आणि २५० मिलीग्रॅम अशा ताकदींचं मिळतं. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलीग्रॅम असतात. समजा, दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलीग्रॅम लिहिलेत. ते २५० वाल्या सिरपचे ३ मिली होतात आणि ड्रॉप्सचे दीड मिली. सिरप समजून ड्रॉप्सच पाच मिली पाजले, तर मूल ५०० मिलीग्रॅम पितं, म्हणजे तिपटीहून जास्त. हिशेब तुम्ही करायचा नाही. चिठ्ठीवरची ताकद आणि बाटलीवरची ताकद जुळते का ते बघायचं. जुळत नसेल तर फोन करा, तोवर औषध देऊ नका.

हात धुवा. एकीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचावी, दुसरीनं बाटली, मूल आणि मुदत तपासावी. एकाच नावाची दोन मुलं असतील तर आडनावही उच्चारा. बाटली हलवा. औषध सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढा आणि ती डोळ्यांच्या रेषेत धरून रेघ बघा. मुलाला मांडीवर ताठ बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून किंवा रडत असताना पाजलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, कारण दूध उरलं की औषधही उरतं. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटू नका.

दिल्याबरोबर वेळ आणि मात्रा लिहा, नंतर आठवून नको. बाटली कुलूपबंद कपाटात ठेवा. अँटिबायोटिकचं पाण्यात कालवलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, ते लेबलवर वाचा, आणि ते कालवल्याची तारीख पालकांकडून बाटलीवर लिहून घ्या. संध्याकाळी न्यायला आजोबा आले तर तोंडी निरोप पुरत नाही. दुपारच्या डोसाची नोंद चिठ्ठीवर लिहून द्या.

मुलानं औषध ओकलं तर स्वतःहून पुन्हा पाजू नका, पालकांना किंवा डॉक्टरांना विचारा. एखादा डोस राहिला म्हणून पुढचा दुप्पट करू नका. चुकीचं किंवा जास्त औषध गेलं, तर मूल हसतंखेळतं दिसलं तरी लगेच पालकांना आणि डॉक्टरांना कळवा. उलटी काढू नका. ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास लागला, तर आधी १०८ ला फोन, मग पालकांना. रुग्णालयात जाताना बाटली आणि वही दोन्ही सोबत न्या.